सुरूच्या मातृवाफ्यातली मर: मातीच्या धुरीला पर्याय आपल्याच रोपवाटिकेत कसे तपासावेत

मर, म्हणजे कोवळी रोपे मातीलगत कुजून कोलमडण्याचा रोग, लागलेला वाफा पहाटे बघावा. सुरूचे रोप त्या वयात जेमतेम बोटाच्या पेराएवढे असते. दोऱ्यासारखा देठ, वर हिरवा तुरा, आणि मातीला टेकतो तिथे देठ पाणी पिऊन काचेसारखा पारदर्शक झालेला. चिमटीत धरून हलके ओढले की वरचा भाग हातात येतो, मूळ मातीतच राहते. दुपारपर्यंत ते रोप आडवे पडते. दुसऱ्या दिवशी सुकून काडी होते आणि तिसऱ्या दिवशी तिथे काही होते याची खूणही उरत नाही. आमच्याकडे वाफ्यांवर काम करणाऱ्या मावशी पहिल्यांदा हे बघून म्हणाल्या होत्या, "दादा, रातोरात कोणी कात्री लावली?" वाफ्याच्या मधोमध ताटाएवढे टक्कल पडले होते. आठवड्याभरात ते परातीएवढे झाले.

यावर काय घालावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मीही तीन वर्षे एका दुकानदाराने दिलेली पूड दरवर्षी वाफ्यात ओतत होतो आणि रोपे वाचली की त्या पुडीला श्रेय देत होतो. काहीही न घातलेला एक वाफा शेजारी ठेवायचे मला सुचलेच नाही. त्यामुळे पुडीने रोपे वाचली, की त्या वर्षी तशीही वाचणार होती, हे आजही मी सांगू शकत नाही. ती तीन वर्षे वाया गेल्याची मला खरोखर खंत आहे. म्हणून अमुक घाला असे सांगण्याऐवजी, जे घालाल ते उपयोगी पडते की नाही हे स्वतःच्या वाफ्यात कसे ठरवायचे, ते इथे लिहितो.

पाइनवाल्यांकडून काय घ्यायचे

गोव्यात पाइनची वने नाहीत. मिरामार किंवा केरीच्या किनाऱ्यावरच्या सुरूला पर्यटक पाइन म्हणतात, पण सुरू सूचिपर्णी नव्हे. त्याची 'सुई' म्हणजे सांध्यासांध्यांची बारीक फांदी असते. दोन्ही टोके धरून ओढली की ती सांध्यावर सुटते आणि त्या सांध्याभोवती दातऱ्यासारखी दिसतात ती खरी पाने. पश्चिम किनाऱ्यावर हे झाड १८६८ च्या सुमारास आपल्या शेजारच्या कारवारला लावले गेले आणि तिथून पसरले.

झाड वेगळे असले तरी रोपवाटिकेतले दुखणे एकच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत दरवर्षी सुमारे एक अब्ज रोपे तयार होतात. त्यात लॉबलॉली पाइन सर्वाधिक, आणि बहुतेक रोपे उघड्या वाफ्यांत वाढवून मुळासकट उपटून लावली जातात. त्याच जमिनीत पुनःपुन्हा रोपे घेतली की पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युसारियम या बुरशा आणि लव्हाळा बोकाळतात. त्यावर त्यांच्याकडे कित्येक दशके एकच उपाय चालला. मिथाइल ब्रोमाइडमध्ये क्लोरोपिक्रिन मिसळायचे, तो वायू मातीत सोडायचा आणि वर प्लास्टिक ओढायचे. हा वायू ओझोनचा थर खातो असे दिसल्यावर १९९२ मध्ये त्याला माँट्रियल कराराच्या यादीत घेतले गेले. विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवायचा असे ठरले. आयात-निर्यातीच्या मालाची क्वारंटाइन धुरी यातून वगळली गेली. भारतात आज हा वायू सरकारी किंवा सरकारमान्य तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच हाताळता येतो. रोपवाटिकेवाल्याने त्याचा विचारही करू नये.

मग त्यांनी पर्याय तपासले: नुसते क्लोरोपिक्रिन, त्यात डायक्लोरोप्रोपीन, मेटाम सोडियम, डॅझोमेट, वायू अडवून धरणारे खास प्लास्टिक. मिथाइल आयोडाइडला २००७ मध्ये तिकडे परवानगी मिळाली आणि २०१२ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. ही रसायने मला तुम्हाला सुचवायची नाहीत. मला भावली ती त्यांची तपासण्याची रीत. धुरी न दिलेला वाफा सोडायचा, प्रत्येक उपाय चार-पाच ठिकाणी पुन्हा करायचा, रोपे मोजायची, देठाची जाडी मोजायची आणि मातीतल्या ट्रायकोडर्मासारख्या उपयोगी बुरशीचे काय झाले तेही बघायचे. हे सगळे सत्तरी तालुक्यातल्या चार गुंठ्यांच्या रोपवाटिकेतही करता येते.

आधी शत्रू ओळखा

रोप उगवलेच नाही म्हणजे मर, असे धरू नका. सुरूचे बी पंख असलेले आणि इतके हलके असते की एका किलोत लाखो दाणे बसतात. मुंग्या ते रांगेने पळवतात. शिवाय चांगल्या बियाण्यातही निम्मे दाणे रुजले तरी समाधान मानावे लागते. म्हणून पेरण्याआधी ओल्या कापडावर शंभर दाणे घालून किती रुजतात ते लिहून ठेवा. हा आकडा नसेल तर पुढचे सगळे हिशेब अधांतरी राहतात.

मातीत रोग आहे का, हे तवशाच्या (काकडीच्या) बियांनी कळते. तवशाचे कोवळे रोप पिथियमला फार लवकर बळी पडते. संशयित वाफ्यातली माती नीट मिसळून तिचे दोन भाग करा. एक भाग ओला करून, स्वयंपाकात न लागणाऱ्या जुन्या कुकरमध्ये पाऊण तास वाफवा आणि थंड होऊ द्या. दोन्ही मातींचे पाच-पाच पेले भरून प्रत्येकात पाच बिया लावा आणि पाणी जरा सढळ हाताने द्या. वाफवलेल्या मातीत रोपे उभी आणि दुसरीत कोलमडलेली दिसली, तर माती दूषित आहे. दोन्हीकडे सारखीच उभी राहिली, तर मातीवर खर्च करण्याआधी तुमचे पाणी, सावली आणि बियाणे तपासा. नेमकी बुरशी कोणती ते हवे असेल, तर जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा विभागीय कृषी कार्यालयात ताजा नमुना घेऊन विचारा. नमुना म्हणून मेलेली काडी नेऊ नका. आज सकाळी मान टाकलेले रोप मुळाजवळच्या मातीसकट न्या.

गोव्याची अडचण: ऊन एकीकडे, पेरणी दुसरीकडे

मातीला ऊन देणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून सूर्यानेच ती शिजवायची, ही रीत इस्रायलच्या याकोव काटान यांनी १९७६ मध्ये शास्त्रीय पद्धतीने मांडली. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यातही माती तापवण्याचा भाग असतोच. फरक इतकाच की इथे पालापाचोळा आणि शेण जाळावे लागत नाही.

पण आपल्याकडे कडक ऊन शिगम्यानंतर ते मिरगापर्यंत असते, आणि जूनमध्ये लावायची सुरूची रोपे पेरायची असतात नोव्हेंबर-डिसेंबरात. मधे पडतो सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. मे महिन्यात तापवलेला वाफा उघडा राहिला, तर वरच्या वाफ्यातले गढूळ पाणी चार महिने त्यातून वाहते आणि केलेले सगळे धुऊन जाते. कोरड्या, उष्ण प्रदेशांसाठी लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा चालत नाहीत त्या यामुळे. किनाऱ्यालगत दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. त्यानेही माती हवी तशी तापत नाही.

यावर वाट आहे, आणि ती सुरूच्याच स्वभावात सापडते. त्याचे मातृवाफे, म्हणजे बी पेरायचे वाफे, लहान असतात आणि रोपे पाच-सहा आठवड्यांत पिशव्यांत हलवायची असतात. तेव्हा वाफा तापवण्याऐवजी वाफ्यात भरायची माती तापवा आणि पावसाळाभर छपराखाली ठेवा. थर उथळ असला की तो खालपर्यंत तापतो, हा आणखी एक फायदा.

कोणते उपाय तुलनेला घ्यायचे

पहिल्या वर्षी पाचच घ्या. जास्त घेतले तर मोजणी हाताबाहेर जाते.

पहिला वाफा काहीच न केलेला. माती तीच, खणणे तेच, पाणी तेच, फक्त उपाय नाही. पाचांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा हाच, आणि रोपांच्या लोभापायी सगळ्यात आधी गाळला जातो तोही हाच.

दुसरा, उन्हाळ्यात तापवून साठवलेल्या मातीचा.

तिसरा मोहरीच्या पेंडेचा. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो, तो आयसोथायोसायनेट नावाच्या वायूंच्या कुळातला. मेटाम सोडियम आणि डॅझोमेट मातीत गेल्यावर ज्याने काम करतात, तो वायूही याच कुळातला. अख्ख्या मोहरीला हा झणका नसतो. दाणा फुटून पाणी लागले की त्यातले विकर (एन्झाइम) जागे होते आणि वायू तयार होतो. फोडणीत तडतडलेली मोहरी म्हणूनच नाकात जात नाही, तापल्याने विकर मरते. पेंड घेताना हेच लक्षात ठेवा. लाकडी घाण्याची, न तापलेली पेंड हवी. चमचाभर पेंड पाण्यात कालवून दहा मिनिटांनी हुंगा. झणका नसेल तर ती खत म्हणून वापरा, धुरी म्हणून नाही.

चौथा खोबऱ्याच्या पेंडेचा. हा का, असे पुष्कळ जण विचारतात. मोहरीच्या पेंडेत सुमारे ५ टक्के नत्र असते. त्या वाफ्यातली रोपे हिरवीगार दिसली, तर ती वायूने रोग मेल्यामुळे की नुसत्या खतामुळे? खोबऱ्याच्या पेंडेत सुमारे ३ टक्के नत्र असते, पण तो झणका नसतो. नत्र सारखे पडेल इतकी ही पेंड घातली आणि वर तसेच प्लास्टिक लावले, की दोन्ही वाफ्यांतला फरक तेवढा मोहरीच्या वायूचा.

पाचवा भाताच्या कोंड्याचा. मातीत कोंडा मिसळायचा, ती पाण्याने तुडुंब भरायची आणि प्लास्टिकने हवाबंद करायची. जंतू कोंडा खाताना उरलासुरला प्राणवायू संपवतात, माती आंबते, आंबट आम्ले तयार होतात आणि हवेवर जगणाऱ्या रोगकारक बुरशा गुदमरतात. जपान आणि नेदरलँड्समध्ये ही रीत विकसित झाली. आपल्या ऑक्टोबरला ती छान जुळते, कारण तिला उन्हाच्या कडाक्यापेक्षा ऊबदार, ओली माती हवी असते. फक्त कोंडा आणि तूस यांत गल्लत करू नका. तूस कुजायला महिने लागतात, त्याने माती आंबत नाही. गिरणीतून तांदूळ पांढरा करताना निघणारा, मुठीत धरल्यावर किंचित तेलकट लागणारा कोंडा आणा.

डॅझोमेट मी यात धरलेले नाही. ते दाणेदार असते आणि मातीत मिसळून पाणी दिले की वायू सोडते. पाइनच्या वाफ्यांत त्याचा अनुभव बराच आहे. पण आपल्याकडे रोपवाटिका घराला आणि विहिरीला लागून असते, वायू डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबणारा असतो आणि वापरणाऱ्याला प्रशिक्षण लागते. कोणी वापरणारच असेल तर लेबलवरच्या शब्दाबाहेर जाऊ नये. फॉर्मालिन ओतायची जुनी पद्धतही सोडून द्या. फॉर्माल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, आणि बादली घेऊन वाकणारा माणूस ते श्वासात घेतोच.

मार्च ते मे: माती तयार करणे

गेल्या वर्षी जिथे मर लागली होती तिथलीच माती घ्या. निरोगी माती घेतली तर पाचही वाफ्यांत रोपे उभी राहतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. खडे चाळून एकच मोठा ढीग करा आणि तो फावड्याने चार वेळा उलटा. प्रत्येक वाफा ६० × ६० सेंमी आणि १५ सेंमी खोल धरला, तर एकाला साधारण ५४ लिटर माती लागते. पाच उपाय, प्रत्येक चार ठिकाणी, म्हणजे वीस वाफे आणि एकूण घनमीटरभराहून थोडी जास्त माती.

त्यातली चार वाफ्यांची माती तापवायला काढा. दिवसभर ऊन पडेल आणि समुद्राचा वारा अडेल अशा जागी, अंगणात किंवा सपाट कातळावर, खाली प्लास्टिक अंथरून १५ सेंमीचा थर द्या. माती ओली करा. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पाणी निथळता कामा नये. कोरड्या मातीत उष्णता खाली उतरत नाही आणि कोरडी बुरशी तितक्या सहज मरतही नाही. वर २५ ते ५० मायक्रॉनचे पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटून ताणा आणि कडा मातीत पुरा. काळे प्लास्टिक नको, ते स्वतः तापते आणि मातीला कमी तापवते. लांब दांडीचा थर्मामीटर थराच्या तळाशी खुपसून रोज दुपारी अडीच-तीनला आकडा लिहा. बहुतेक रोगकारक बुरशा ३७ अंशांवर दोन ते चार आठवड्यांत खचतात आणि ४७ अंशांवर काही तासांत. तळाचा आकडा रोज चाळिशी ओलांडत असेल तर सहा आठवडे पुरेत. ओलांडत नसेल तर पहिल्याच्या वर चार बोटांचे अंतर सोडून दुसरे प्लास्टिक लावा. लव्हाळ्याच्या गाठींची मात्र आशा धरू नका. त्यांचे टोक प्लास्टिक भोसकून वर येते. त्या चाळतानाच हाताने वेचा.

मेच्या मध्यावर, वळवाचा पहिला शिडकावा यायच्या आत, ही माती धुतलेल्या गोण्यांत भरून छपराखाली फळीवर ठेवा. आणि हे विसरू नका: उरलेली न तापवलेली मातीही तशाच गोण्यांत, तितकेच दिवस ठेवायची. नाहीतर फरक उन्हाने पडला की इतके महिने कोरडे राहिल्याने, हे सांगता येणार नाही. दोन्हींना वेगळे फावडे, वेगळे घमेले. तापवलेल्या मातीला दूषित फावडे एकदा लागले तरी सहा आठवड्यांचे काम पाण्यात जाते, कारण मोकळ्या झालेल्या मातीत रोग अडवणारेही कोणी उरलेले नसते.

ऑक्टोबर: वाफे मांडणे

चिऱ्यांच्या वीस चौकटी बांधा. एकमेकींत वितीचे अंतर ठेवा आणि मधून पाणी वाहून जाईल असे चर काढा. आतून खाली आणि बाजूंना जाड प्लास्टिक लावा. तळाला भोके आत्ताच पाडू नका.

चार रांगा करा, प्रत्येक रांगेत पाच वाफे. जमीन उताराची असेल तर रांगा उताराला आडव्या घ्या, म्हणजे एका रांगेतल्या पाचही वाफ्यांना ओल आणि सावली सारखी मिळेल. प्रत्येक रांगेत पाचही उपाय एकदा यायला हवेत. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, मनाने नाही. मनाने ठरवले की आवडता उपाय नकळत चांगल्या जागी जातो. चिऱ्यावर रंगाने नुसता आकडा लिहा आणि कोणता आकडा म्हणजे कोणता उपाय ते वहीत ठेवा. मोजणाऱ्याला ते माहीत नसलेले बरे. आमच्याकडे मोजणी मावशी करतात आणि वही माझ्याकडे असते.

मग एकाच दिवशी मोहरीच्या वाफ्यात १४५ ग्रॅम पेंड, खोबऱ्याच्या वाफ्यात २३५ ग्रॅम आणि कोंड्याच्या वाफ्यात पाऊण किलोला थोडा कमी कोंडा तळापर्यंत मिसळा. मोहरीचे वाफे शेवटी घ्या आणि मिसळल्याबरोबर, मिनिटे न दवडता, पाणी देऊन झाका. वायू पहिल्या काही तासांतच निघतो आणि उशीर केला तर तो हवेत जातो. कोंड्याच्या वाफ्यात वर पाणी तरळेपर्यंत ओता. तिघांवरही एकाच जातीचे प्लास्टिक. उरलेले दोन वाफे उघडे, त्यांना नेहमीसारखे हलके पाणी.

तीन आठवड्यांनी सकाळच्या वाऱ्यात झाकण काढा. कोंड्याच्या वाफ्याला आंबट, गटारासारखा वास यायला हवा. नसेल तर हवा आत गेली होती, तसे वहीत लिहा. सगळ्या वीस वाफ्यांच्या तळाला आता भोके पाडा, माती हलकी उकरा आणि दोन आठवडे तशीच सोडा.

पेरण्याआधी अळिवाची परीक्षा

ही परीक्षा डॅझोमेट वापरणाऱ्यांकडून आलेली आहे, पण पेंडेलाही तितकीच लागू. झाकणाची बरणी घ्या. तीत वाफ्याच्या मधल्या थरातली माती निम्मी भरा. ओल्या कापसावर वीस-पंचवीस अळिवाचे दाणे चिकटवून तो कापूस दोऱ्याने मातीच्या वर टांगा आणि झाकण घट्ट लावा. दुसऱ्या बरणीत न हाताळलेली माती. अळीव दोन-तीन दिवसांत रुजते. दोन्ही बरण्यांत सारखे रुजले तर पेरा. पहिल्या बरणीत दाणे नुसते फुगून बसले किंवा कोंब तपकिरी पडले, तर मातीत अजून विषारी वायू आहे. पुन्हा उकरा, आठवड्याने पुन्हा बघा. एकही वाफा नापास असेल तर विसांचीही पेरणी पुढे ढकला. वेगवेगळ्या दिवशी पेरलेले वाफे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

पेरणी आणि हिरांची मोजणी

प्रत्येक वाफ्याच्या मध्यावर ४० × ४० सेंमीचा चौकोन दोरीने आखा. त्यात मोजून ५०० दाणे पेरा. काठाच्या पट्टीतही पेरा, पण तिथले मोजू नका. बी बारीक वाळूत मिसळले की एकसारखे पडते. वर वाळूचा पातळ थर, मुंग्यांचा बंदोबस्त विसांनाही एकसारखा, आणि पाणी बारीक झारीने सकाळी, प्रत्येकाला तितकेच लिटर. संध्याकाळी पाणी दिलेला वाफा रात्रभर ओला राहतो आणि मरीला आमंत्रण देतो.

रोपे साधारण आठवड्यानंतर दिसू लागतात. तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी मोजा. मेलेली रोपे मोजणे अवघड, कारण ती नाहीशी होतात. त्यासाठी केरसुणीचे हीर बोटभर तोडून ठेवा. मान टाकलेले रोप दिसले की ते चिमट्याने उपटा आणि त्या जागी हीर रोवा. महिन्याने जिवंत रोपे मोजा आणि हीर मोजा. दोन्हींची बेरीज म्हणजे उगवलेली रोपे. ओल्या कापडावरच्या रुजवणीच्या हिशेबाने जितकी यायला हवी होती, त्यात ही बेरीज कमी पडली तर ती तूट म्हणजे मातीच्या आतच कुजलेले दाणे. बहुतेक लोक हे नुकसान धरतच नाहीत, आणि कधी कधी तेच सगळ्यात मोठे असते. हिरांकडे उभे राहून बघितले की आणखी एक गोष्ट दिसते: ते विखुरलेले आहेत की झुंबडीने. झुंबड असेल तर रोग एका जागेवरून पसरतो आहे, बहुधा पाणी साचते तिथून.

मेलेल्या मातीत उपाशी रोपे

इथे घाई करून निकाल लावू नका. धुरी शत्रू मारते तशी मित्रही मारते. पाइनवाल्यांनी हे सोसले आहे. धुरी दिलेल्या वाफ्यात रोपे दाट उभी राहतात, पण मुळांवरची मित्रबुरशी मेलेली असल्याने त्यांना स्फुरद मिळत नाही, ती खुरटतात आणि सुया जांभळट पडतात. पोर्तो रिकोत पाइनची लागवड कित्येक वर्षे फसत राहिली आणि पाइनच्या वनातली, बुरशी असलेली माती मुळांना दिल्यावर ती जगली.

सुरूला तशीच फ्रँकिया या जिवाणूची गरज असते. तो मुळांवर पोवळ्याच्या झुबक्यासारख्या गाठी करतो आणि हवेतला नत्र रोपाला देतो. सूत्रकृमींच्या गाठींशी यांची गल्लत होते. सूत्रकृमीने मूळच जागच्या जागी फुगते, फ्रँकियाची गाठ मुळाच्या बाजूला फुटते आणि बोटाने हलकेच खुडता येते. ताजी कापली तर आतून कोवळी, पांढुरकी दिसते.

म्हणून पिशव्यांत हलवताना प्रत्येक उपायाच्या रोपांचे दोन भाग करा. एका भागाला गाठींचे पाणी द्यायचे. निरोगी, जुन्या सुरूखालच्या बारीक मुळांवरच्या गाठी खुडा, वाहत्या पाण्यात माती जाईपर्यंत धुवा, खलात ठेचा, पाण्यात कालवा आणि प्रत्येक पिशवीत चमचा-दोन चमचे मुळाशी ओता. झाडाखालची माती तशीच आणून घालू नका, तिच्याबरोबर रोगही येतो. दुसऱ्या भागाला नुसते पाणी. दोन-अडीच महिन्यांनी प्रत्येक भागातली दहा रोपे उपटून मुळे धुवा, गाठी मोजा, उंची लिहा आणि मातीलगत देठाची जाडी व्हर्नियरने घ्या. माझा भर जाडीवर असतो. उंच पण बारीक देठाचे रोप किनाऱ्यावरच्या वाऱ्यात तग धरत नाही.

आकड्यांतून निकाल

चार वाफ्यांची सरासरी काढून थांबू नका. एका रांगेत एखादा वाफा अपघाताने फार चांगला आला तरी सरासरी चढते. प्रत्येक रांगेत उपायाचा वाफा आणि रिकामा, म्हणजे काहीच न केलेला, वाफा शेजारी ठेवून बघा. चारही रांगांत उपायच वरचढ ठरला, तर तसे निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता सोळात एक. सहा रांगा असत्या तर चौसष्टात एक. दोन रांगांत वर आणि दोन रांगांत खाली असेल, तर सरासरी काहीही म्हणो, त्या उपायावर पैसे घालू नका.

मग खर्च. समजा रिकाम्या वाफ्यात १२० रोपे लावण्याजोगी निघाली आणि उपायाच्या वाफ्यात १८०. उपायाचा खर्च या जादा ६० रोपांवर वाटायचा, १८० वर नाही. पेंड, प्लास्टिक, मजुरी आणि माती साठवायला अडलेली जागा हे सगळे त्यात धरा. मोहरी आणि खोबरे यांच्यात फरक दिसला नाही तर मोहरीवर जादा पैसे खर्चायचे कारण नाही. वर्षागणिक बी, पाणी, पाऊस बदलतो, म्हणून जिंकलेला उपाय आणि रिकामा वाफा पुढच्या वर्षी पुन्हा शेजारी ठेवा. ट्रायकोडर्मा तेव्हा घ्या, तोही जिंकलेल्या उपायाच्या वर. मोकळ्या झालेल्या मातीत त्याला जागा मिळते. पाकीट जिवंत आहे का तेवढे आधी बघा. दोन ताटल्यांत शिजवलेला भात, एकीवर चिमूटभर पूड, दुसरी तशीच, दोन्ही झाकून ठेवा. चार-पाच दिवसांत पूड टाकलेल्या ताटलीतच हिरवी बुरशी दाट आली तर पाकीट जिवंत.

जूनमध्ये रोपे बाहेर गेली की प्रयोग संपला असे समजतात. प्रत्येक उपायाची दहा रोपे पत्र्याची चकती बांधून एकाच पट्ट्यात लावा. मोरजी किंवा गालजीबागसारख्या कासवांच्या वाळूवर नको. तिथे सुरूची सावली आणि मुळे अंड्यांना त्रास देतात, आणि तिथे रोप देणे मी स्वतः बंद केले आहे. चवथ झाली, पाऊस ओसरला की वही घेऊन त्या पट्ट्यावर जा आणि चकत्या मोजा. जिवंत रोपाच्या मुळाशी थोडे उकरून पोवळ्याचे झुबके शोधा. नवीन वाफे भरायला घ्यायच्या आधी हा आकडा वहीत असू द्या.